वाघ पोचला, तुह्यं काय?

२०१९ च्या जून महिन्यात पांढरकवडा तालुक्यातून दोन तरुण नर घर सोडून बाहेर पडले. एकाच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, दुसऱ्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र पुण्याला पोचल्यावर पडायचं होतं. पहिल्याची बातमी पुढे बीबीसीने दिली. दुसऱ्याची बातमी माझी आई देत असे, तीही कोणी फारच खोदून विचारलं तर.

पहिला म्हणजे टिपेश्वर अभयारण्यातला वाघ. वनखात्याच्या दप्तरी त्याचं नाव टी-१-सी-१, म्हणजे टी-१ वाघिणीचा सी-१ हा बछडा. (ही टी-१ वेगळी. २०१८ साली जिच्या मागावर अख्खं सरकार होतं ती अवनीही टी-१च, पण ती पांढरकवडा वनविभागाची. आमच्याकडे एकाच नावाचे दोन गणपतराव असतात, तशा दोन टी-१.) भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी २०१९ च्या फेब्रुवारीत सी-१ला पट्टा बांधला. त्यातून तो कुठे आहे हे तासातासाला कळत असे. माझ्या खिशातही असंच एक यंत्र होतं. त्यातून तासातासाला आवाज येई, "कुठीसा पोचला रे?"

टिपेश्वर अवघं १४८ चौरस किलोमीटर. वाघ काही एकत्र कुटुंबात रमणारा प्राणी नाही. पोरगं दोन-अडीच वर्षांचं झालं की त्यानं आपला इलाखा आपण शोधायचा, बापाच्या तोंडासमोर घुटमळायचं नाही, हा तिथला रिवाज. आमच्या गल्लीत हे वय तिशीपर्यंत लांबतं, आणि त्यानंतरही पोरगं निघालं तर आई डबा घेऊन बसस्टँडपर्यंत येते. पण मुळातला प्रश्न दोघांचाही एकच होता: जागा कमी आणि नर जास्त. यवतमाळ जिल्ह्यात इंजिनिअर किती तयार होतात आणि त्यांना लागणाऱ्या खुर्च्या किती, याची गणना अजून कोणी कॅमेरा ट्रॅप लावून केलेली नाही. केली तर धक्का बसेल.

तर तो निघाला आणि मीही निघालो. तो रात्री चालायचा, दिवसा पडून राहायचा. मीही ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये रात्रभर जागा असायचो आणि दिवसा ऑफिसात पडून असायचो. दोघांच्याही नशिबी रेल्वे नव्हती. तशी यवतमाळला रेल्वे आहेच. म्हणजे होती. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला, जिच्यातून उतरून शेतात जाऊन पुन्हा चढता येतं असं आमचे आजोबा शपथेवर सांगत. ती २०१६ पासून बंद. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही मोठी लाईन मंजूर झाली २००८-०९ मध्ये, तेव्हा मी शाळेत होतो. तिचा वर्धा ते कळंब तुकडा सुरू झाला फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेव्हा माझे केस गळून राहिले होते. सी-१ने रेल्वेची वाट पाहिली नाही, पायी निघाला. खरा यवतमाळकर.

पहिला मुक्काम त्यानं पैनगंगेपलीकडे आदिलाबादेत केला. बरोबरच होतं. पांढरकवड्याहून पुण्यापेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ, सरळ चव्वेचाळीस नंबरचा हायवे. पण आमच्याकडे पोरगं "पुण्याला असते" असं सांगण्यात जी वजनदारी आहे, ती हैदराबादला नाही. म्हणून मी पुण्याला गेलो. वाघावर असा दबाव नव्हता.

पुण्यात कंपनीच्या मुलाखतीत बाईंनी विचारलं होतं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं, "टीम लीडच्या भूमिकेत." आज कळतं की खरं उत्तर "खामगावात" हे होतं. पण तसं म्हटलं असतं तर वाकडची ती खोली, त्या खोलीतले चार बिछाने आणि एका बाथरूमसाठी सकाळी लागणारी रांग या सगळ्याला मी मुकलो असतो.

काम काय, तर एक बटण दाबायचं आणि ते दबलं का ते लिहून ठेवायचं. मग दुसऱ्या टीमने ते बटण बदललं की पुन्हा दाबायचं. याला टेस्टिंग म्हणतात. कधी बटणंच संपत. मग आम्हाला बेंचवर ठेवत. बेंचवर माणसानं पगार घ्यायचा आणि अपराधी दिसायचं. त्या काळात मी फार वाचलं. वाचण्यासारखं तेव्हा एकच होतं: सी-१ची बातमी.

कारण तो आता पेपरात यायला लागला होता. आदिलाबादहून परत, पैनगंगा अभयारण्य, नांदेड, हिंगोली, वाशीम. कापसाच्या शेतांतून, नाल्यांच्या कडेनं, हायवे ओलांडत तो चालला होता. कधी पुढे, कधी पुन्हा मागे. खायला रानडुक्कर मिळालं तर रानडुक्कर, नाहीतर कोणाची तरी गुरं. लोकांच्या वाटेला तो गेला नाही. एकदाच हिंगोली जिल्ह्यात काही माणसं, तो झुडपात झोपला असताना पाहायला आत शिरली आणि त्यातला एक जण जखमी झाला. झोपलेल्या तरुणाला "काय चाललंय सध्या?" असं विचारायला जाऊ नये, एवढं आमच्या नातेवाइकांना त्या बातमीवरून कळायला हरकत नव्हती.

डिसेंबरच्या सुरुवातीला तो बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, तोवर तेराशे किलोमीटर झाले होते. पेपरात नकाशा आला. आईनं तो कापून फ्रिजवर लावला. मला फोन आला.

"पाह्य, वाघ पोचला. तुह्यं काय?"

"माझं काय म्हणजे?"

"पर्मनंट झाला का?"

बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते, चाळीस वर्षं कापूस आणि आकडे यांच्याशिवाय त्यांनी काही पाहिलं नाही. पुढे बातमी आली की नऊ महिन्यांत सगळी मिळून तीन हजार किलोमीटरची चाल झाली. त्यांनी लगेच भागाकार केला. रोजचे अकरा किलोमीटर. एसटीच्या भाड्यानं त्याचे किती झाले असते तेही काढलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "आणि त्यानं एकदाबी घरून पैसे मागवले नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वाकडच्या खोलीचं डिपॉझिट त्यांनीच भरलं होतं.

तो कशाला चालतोय याबद्दल तज्ज्ञांचं म्हणणं असं की जागा, शिकार आणि जोडीदार या तीन गोष्टींसाठी. आमच्या मावशीनं यातली तिसरीच उचलली. "तो बिचारा सोता शोधून राह्यला," ती म्हणाली, "आणि याच्यासाठी आपणच चपला झिजवायच्या." मग गंमत अशी झाली की ज्ञानगंगेत तो रमला खरा, पण तिथे दुसरा वाघ नाही, वाघीण तर नाहीच. तेव्हा तिथे एखादी मादी आणून सोडावी का, यावर अधिकारी लोक विचार करू लागले. म्हणजे सरकारसुद्धा स्थळ पाहत होतं! आणि स्थळ उत्तमच होतं की. मुलगा एकटा, निर्व्यसनी, स्वतःची २०५ चौरस किलोमीटर जागा, नीलगाय-रानडुक्कर मुबलक, सासू-सासरे तीन-चार जिल्हे दूर, नणंद येऊन-जाऊन राहण्याचा प्रश्न नाही, कर्ज नाही. माझ्या बायोडाटात यातलं फक्त "निर्व्यसनी" होतं, आणि तेही मावशीनं घातलेलं. यवतमाळात वाढलेल्या पोरानं कधी खर्रा चाखलाच नाही यावर मुलीकडचा एकही माणूस विश्वास ठेवत नसे.

जोडीदाराच्या विषयात सुगंधाचा भाग असतो हेही मला आमच्या वनखात्यानंच शिकवलं. अवनीच्या वेळी दोन वर्षांत तेरा माणसं गेल्याचं सांगत. राळेगाव पट्ट्यातल्या शेतांत रात्रीची जागल बंद पडली होती, त्यावर मी काही विनोद करणार नाही. पण तिला सापळ्याकडे ओढायला कॅल्विन क्लाइनचा 'ऑब्सेशन फॉर मेन' हा परफ्यूम वापरायचा घाट घातला गेला, हे मात्र जगभरच्या पेपरांत छापून आलं. ते वाचून वाकडच्या आमच्या खोलीतल्या एकानं त्याची नकली बाटली आणली. दोन महिने वापरली. वाघीण सोडा, सोसायटीतलं मांजर फिरकलं नाही.

पुण्यात माझी खरी अडचण गर्दी नव्हती, जेवणातली साखरही नव्हती. अडचण गावाच्या नावाची होती. "तुमचं गाव कुठलं?" असं कोणी विचारलं आणि मी "यवतमाळ" म्हटलं, की समोरचा चेहरा श्रद्धांजलीच्या तयारीला लागे. आवाज खाली येई. "हो का... तिकडे फार वाईट आहे ना परिस्थिती?" आता आहे वाईट, माझ्या वर्गातल्या एकाच्या घरी आत्महत्या झालेली आहे, आणि तिच्याविषयी मी कँटीनमध्ये इडली खाताना बोलणार नाही. पण त्याच गावात लग्नं होतात, गणपती बसतात, दत्त चौकात रात्री बारापर्यंत पोट्टे उभे राहून देशाचं धोरण ठरवतात. १९७३ साली माडगूळकर आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली दोन साहित्य संमेलनं तिथे झाली आणि दुसऱ्याच्या आधी निमंत्रणावरून असं भांडण पेटलं की देशभर नाव झालं. दुःखी माणसं एवढं जोरात भांडत नाहीत. काही दिवस मी "नागपूरजवळ" असं सांगून पाहिलं. मग लोक संत्री मागत. शेवटी मी "टिपेश्वरचा" म्हणायला लागलो. चेहरे उजळत. "अरे, तो चालणारा वाघ!" त्यानं जिल्ह्याच्या नावासाठी जे केलं, ते आमच्या पुसदनं दोन-दोन मुख्यमंत्री देऊन जमलं नव्हतं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. तेव्हा सी-१ ज्ञानगंगेत मोकळा फिरत होता आणि मी वाकडच्या खोलीत माझ्या खाटेपासून खिडकीपर्यंत. एप्रिलमध्ये त्याच्या गळ्यातला पट्टा निघाला. माझा पट्टा कंपनीनं जूनमध्ये काढला. व्हिडिओ कॉलवर, फार प्रेमानं, "हा निर्णय तुमच्या क्षमतेबद्दल नाही" असं म्हणत. मी पास काढून गावी आलो. मनगटावर विलगीकरणाचा शिक्का होता, तो पुसट होईपर्यंत आई ताट दाराबाहेर ठेवून "हाव, जेव आता" म्हणायची आणि लांबून पाहत बसायची. वन्यजीव निरीक्षणाचं हे तंत्र तिला कोणी शिकवलं नव्हतं.

घरी राहून मला एक गोष्ट दिसली. गावात दोन प्रकारच्या तरुणांना मान असतो: जो गेला तो, आणि जो कधी गेलाच नाही तो. जो जाऊन परत आला, त्याच्याकडे लोक सर्व्हिस सेंटरमधून न उघडता परत आलेल्या पार्सलकडे पाहावं तसे पाहतात. आत काय बिघडलंय याचा अंदाज घेत. मी चहाच्या टपरीवर गेलो की बोलणं थांबे, मग कोणीतरी मायेनं म्हणे, "काही नाही भाऊ, आपल्या एमआयडीसीत पाह्य एखादं." त्यानंतर मी काही काळ हैदराबादेत होतो, काही काळ नागपुरात. त्या दोन्ही ठिकाणांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. हैदराबादेत बिर्याणी चांगली होती आणि नागपुरात घर जवळ होतं, एवढंच.

खामगावची नोकरी मी शोधली नाही, ती अशीच आडवी आली. जिनिंग-प्रेसिंगवाल्यांना आणि अडत्यांना हिशेबाचं सॉफ्टवेअर विकणारी एक छोटी कंपनी. त्यांना गावोगाव फिरून ते बसवून देणारा माणूस हवा होता, ज्याला कापूस कळतो. अर्जात मी लिहिलं, "वडील हिशेबनीस." घेतलं. मी आईला सांगितलं, बुलडाणा जिल्हा. ती जरा थांबली. मग तिनं फोन बाजूला न धरताच बाबांना ओरडून सांगितलं, "तो वाघाच्याच मांगं गेला जी!"

मी वाघाच्या मागे गेलो नव्हतो. पण खामगावहून बुलडाण्याला बोथ्याच्या बाजूनं जायचं तर रस्ता ज्ञानगंगेतूनच जातो. पहिल्यांदा तिथून मोटारसायकलवर जाताना मी काय शोधत होतो ते मला माहीत आहे आणि मला ते दिसलं नाही. रोही, म्हणजे नीलगाई, दिसले. एक रोही रस्त्याच्या मधोमध उभा राहून, मी हॉर्न वाजवला तरी, माझ्याकडे पाहत रवंथ करत राहिला. बेंचवरच्या त्या दिवसांत असं निवांत दिसता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

काम मला आवडतं, हे मला बऱ्याच उशिरा आणि जरा संकोचानंच कळलं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. दिवाळीनंतर हंगाम लागतो. फाटकापासून रस्त्यापर्यंत गाड्यांची रांग, काट्यावर भांडण, ओलाव्यावरून घासाघीस, आणि आतल्या खोलीत लाल वहीवर वाकलेले दिवाणजी, जे माझ्या लॅपटॉपकडे जावयाकडे पाहावं तसं पाहतात. म्हणजे स्वागत आहे, पण विश्वास नाही. पहिल्याच हंगामात माझ्या सॉफ्टवेअरनं एका जिनिंगमध्ये चोरी पकडली. शंभर किलो कापूस आत गेला, चौतीस-पस्तीस किलो रुई निघाली, बासष्ट-त्रेसष्ट किलो सरकी. बेरीज शंभर होईना. पडद्यावर लाल अक्षरात "तफावत". शेठजींनी लाल अक्षरं पाहिली आणि दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजींनी माझ्याकडे पाहिलं, शांतपणे. मी घाबरून बाबांना फोन लावला.

"घट धरली का?" ते म्हणाले.

"घट?"

"अबे, कचरा जाते, माती जाते, ओल उडते. ते घट. तुह्या कंपनीनं कापूस पाह्यला का कधी, का निस्तं मशीनच पाह्यलं?"

कंपनीनं कापूस पाहिला नव्हता. पुण्यात बसून ज्यानं तो प्रोग्राम लिहिला, त्याच्या हिशेबात आत गेलेलं सगळं बाहेर यायलाच हवं होतं. आता त्यात घटीचा एक रकाना आहे. तो बाबांनी फोनवरून घालायला लावला. हंगामाच्या कुठल्या महिन्यात किती घट धरायची याचा तक्ता त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून, फोटो काढून पाठवला. कंपनीत तो 'यवतमाळ मॉडेल' म्हणून ओळखला जातो. बाबांना याचे पैसे मिळत नाहीत, पण त्यांना भाव चढल्यासारखं वाटतं, आणि आता ते मला "पर्मनंट झाला का" असं विचारत नाहीत. "गठाणी किती झाल्या?" असं विचारतात. एकशे सत्तर किलोची एक गठाण, हिशेब त्यांचा ते करून घेतात.

डिसेंबर २०२४ मध्ये आईचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. टिपेश्वरचा आणखी एक तरुण वाघ घर सोडून थेट धाराशिवच्या येडशी रामलिंग अभयारण्यात जाऊन पोचला होता. साडेचारशे-पाचशे किलोमीटर. "दुसराबी निघाला," आई म्हणाली. त्याला पकडून सह्याद्रीत नेऊन सोडायचं ठरत होतं, पथकं येत होती, आणि तो काही हाती लागत नव्हता. मला त्याचं फार पटलं. एवढं चालून आल्यावर कोणी गाडीत घालून "तुझ्यासाठी याहून चांगली जागा पाहून ठेवली आहे" म्हणणार असेल, तर मीही झुडपातून बाहेर आलो नसतो. मावशी त्याच महिन्यात एक स्थळ घेऊन आली होती. मुलीकडच्यांची अट एकच: मुलगा पुण्याला हवा.

मी खामगावातच आहे. मावशीला मी सांगितलं की मुलीला खामगावात चांदी स्वस्त पडेल, इथला बाजार त्यासाठीच नावाजलेला आहे, आणि शेगावची कचोरी गरम असताना हातात येते. तिनं हे पुढे पोचवलं का, ठाऊक नाही. मागच्या हंगामात नांदुऱ्याकडच्या एका जिनिंगमध्ये रात्री उशिरापर्यंत काम चाललं होतं. प्रेसचा धडधडाट, अंगभर रुई, केसांत रुई, चहाच्या कपात रुई. शेठजी माझ्या बाजूला येऊन बसले. म्हातारे, पांढरं धोतर, कानात यंत्र.

"कुठले तुम्ही?"

"यवतमाळ. पांढरकवडा."

मी सवयीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून कागद-पेन काढलं.

"पांढरकवडा? मंग सांगा ना, तिकडं आज भाव काय निघाला?"

मी बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साडेदहा वाजून गेले होते, पण पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी.

"भाव सांगतो," बाबा म्हणाले, "पण आधी त्या शेठले विचार, घट किती धरून राह्यले?"